जीपखाली शिरण्यापूर्वी

महाराष्ट्रातल्या खेड्यांत जीप पहिल्यांदा आली ती गाडी म्हणून नव्हे, सरकार म्हणून. माळावर लांब कुठेतरी धुळीचा लोट उठला की पारावरची मंडळी आपोआप सावरून बसायची. मामलेदार असतील, फौजदार असतील, नसबंदीच्या शिबिराचे डॉक्टर असतील, नाहीतर धरणाच्या मोजणीला आलेले साहेब असतील. यांपैकी कोणाच्याही येण्याने गावाला फार आनंद व्हायचा असं नाही. पोरं मात्र जीपमागे ऊर फुटेस्तोवर धावायची. मग निवडणुकांत तिच्यावर कर्णे चढले. पुढे सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात तिच्या लांबवलेल्या बहिणी वडापला लागल्या. चार सैनिकांसाठी जिचा आराखडा झाला त्या गाडीच्या कुळात चौदा-पंधरा माणसं, दोन शेळ्या आणि टपावर नवरीचं लोखंडी कपाट अशी वरात निघू लागली. जीपने कधी नाही म्हटलं नाही. हाच तिचा मोठेपणा, आणि आज मला जे सांगायचं आहे त्याचं मूळही हेच.

माझी एकतीस वर्षांची नोकरी विहिरींतल्या पाण्याच्या पातळ्या मोजण्यात गेली. याचा सरळ अर्थ असा, की एकतीस वर्षं जीपच्या पुढच्या सीटवर गेली. माझ्या पाठीच्या मणक्यांना विचाराल तर ते तालुक्यांची नावं सांगतील. भुदरगड, आजरा, शाहूवाडी, पाटण. रस्ता संपला तरी काम संपलेलं नसे, आणि गॅरेज तर पन्नास-साठ किलोमीटर मागे राहिलेलं. तेव्हा ड्रायव्हरबरोबर साहेबालाही बाह्या सरसावाव्या लागत. जीप दुरुस्त करायला मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. आमचे ड्रायव्हर आणि एक मेस्त्री यांच्या हाताखाली, पाने पुसत पुसत शिकलो.

हे सगळं आता लिहायला बसण्याचं कारण आमच्याच गल्लीत घडलं. गेल्या काही वर्षांत जुन्या जीपना अचानक सोन्याचे दिवस आले आहेत. २०१० साली थार आली, २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला, आणि तरुण पोरांना चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं वेड लागलं. ज्यांना नवी परवडत नाही, किंवा ज्यांना नवी 'फार गुळगुळीत' वाटते, ते कुणाच्या तरी परसात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली जुनी जीप उचलून आणतात. आमच्या शेजारच्या बहीण-भावांनी अशीच एक सीजे-३बी आणली. उंच बॉनेटची, आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिलेली तीच. रविवारी सकाळी मी गॅलरीत चहा घेत होतो. खाली पाहतो तर मागचं एक चाक काढलेलं, जॅक एका विटेवर उभा, आणि धाकटीचे फक्त पाय जीपखालून बाहेर. गल्लीला उतार आहे, हे गल्लीतल्या कोणालाही ठाऊक आहे. पावसाचं पाणी रोज सांगतं.

मी वरूनच ओरडलो, "अगं, आधी बाहेर ये!"

भाऊ हसून म्हणाला, "काका, घाबरू नका. हँडब्रेक ओढलाय. शिवाय गिअरमध्येपण टाकलीय."

पोरगा हुशार आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन्ही गोष्टी त्याने केल्या होत्या आणि दोन्ही गोष्टी त्या क्षणी निरुपयोगी होत्या. कोणत्याही साध्या मोटारीच्या बाबतीत त्याचा भरवसा बराचसा योग्य ठरला असता. जीपच्या बाबतीत तो माणूस मारू शकतो. कसा, ते नीट समजावून सांगणं हाच या लेखाचा खटाटोप.

त्याआधी थोडा इतिहास, कारण जीपचा स्वभाव तिच्या जन्मात आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती, आणि तीही ताबडतोब. बँटम नावाच्या छोट्याशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. पुढे मोठ्या प्रमाणावर ती गाडी बनवली विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप तयार झाल्या. ही गाडी चिखलात, वाळूत, गोळीबारात, जो हाताशी असेल त्या शिपायाने चार पान्यांनी दुरुस्त करावी, अशा बेताने रचलेली. युद्धानंतर लिलावात निघालेल्या जीप आपल्याकडे आल्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून ती आपल्या घरची झाली.

शिपायाने दुरुस्त करावी म्हणून ती सोपी केली, हे खरं. बॉनेटच्या दोन कड्या सोडल्या की सगळं इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर. जमिनीपासून इतकी उंच की जॅक न लावताही माणूस खाली सरपटत जातो. आजच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि आपण नमस्कार करून ते पुन्हा लावतो. तिथे भीती आपलं रक्षण करते. जीप मात्र म्हणते, या, बसा, घरचंच आहे. आणि घरच्यासारखं समजून माणसं दीड खंडीहून जड लोखंडाखाली डोकं घालतात.

आता त्या हँडब्रेककडे वळू. साध्या मोटारीत हातब्रेक ओढला की मागच्या दोन चाकांतले ब्रेक आवळले जातात. एक चाक उचललं तरी दुसरं जखडलेलं राहतं. विलीज आणि तिच्या वळणाच्या कितीतरी जुन्या जीपमध्ये मात्र हातब्रेक चाकांवर नसतोच. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते, म्हणजे मागच्या आणि पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. तिथून मागे जाणारा शाफ्ट जिथे निघतो तिथे एक छोटा ड्रम बसवलेला असतो. हातब्रेक तो ड्रम आवळतो. म्हणजे तो चाक धरत नाही, शाफ्ट धरतो. शाफ्ट आणि चाकं यांच्यामध्ये बसला आहे डिफरन्शिअल, आणि खरी गोम त्याच्यात आहे.

डिफरन्शिअल हा वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी फिरू देतो, एवढं आपण शाळेत शिकलो. त्याचा दुसरा गुण असा की शाफ्ट घट्ट धरून ठेवला आणि एक चाक पुढे फिरवलं, तर दुसरं निमूटपणे तेवढंच मागे फिरतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना हे शक्य नसतं, कारण दोघांनाही एकाच दिशेने जायचं असतं. म्हणून जीप जागेवर उभी राहते. पण मागचं एक चाक जॅकने उचललं, की त्याला हवेत उलटं फिरायला कोणाची आडकाठी? जमिनीवरचं चाक उताराकडे गडगडतं, हवेतलं उलटं फिरतं, शाफ्ट जागचा हलत नाही, हातब्रेक इमानदारीने आवळलेलाच राहतो, आणि जीप जॅकवरून उतरून चालू लागते. गिअरचंही तेच. गिअरमध्ये टाकून इंजिन शाफ्टच धरतं, चाक नाही. त्या पोराने एकाच दोरीला दोन गाठी मारल्या होत्या; दोर मात्र खुंटीला बांधलेलाच नव्हता.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८७ च्या मे महिन्यात आजऱ्याकडच्या एका चढावर आमच्या पुढे दुसरी एक जीप पंक्चर होऊन थांबली होती. ड्रायव्हर वयाने तिशीतला, हाताने चपळ. हातब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मागच्या ॲक्सलखाली जॅक लावून भराभर चढवला. आम्ही दोनशे पावलांवर होतो. चाक जमिनीपासून सुटलं आणि जीप आवाज न करता, अगदी हळू, मागे सरकली. जॅक आडवा झाला. नट गोळा करायला वाकलेला त्याचा उजवा हात ड्रमखाली गेला. आम्ही चौघांनी मिळून जीप उचलली, आमच्याच गाडीतून त्याला गडहिंग्लजला नेलं. जीव वाचला, तीन बोटं गेली. पुन्हा त्याने स्टिअरिंग धरलं नाही. वाटेत तो एकच वाक्य सारखं म्हणत होता, "ब्रेक वडला होता सायेब, आईशपथ वडला होता." खरंच ओढला होता.

त्यानंतर आमच्या मेस्त्रींनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून जे सांगितलं ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "जॅक उचलायचं हत्यार हाय, धरायचं न्हाई. धरनारा दगुड. आधी दगुड, मग जॅक, मग घोडी, आनि मग मानूस." या क्रमात काही बदल करावा असं मला इतक्या वर्षांत वाटलेलं नाही. जे चाक उचलायचं नाही, त्याला दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून, दगड किंवा लाकडी ठोकळा. जमेल तेव्हा सपाट, कडक जमीन. पुढच्या दोन्ही चाकांनाही लावला तर कोणी हसणार नाही. चार चाकांची ताकद जोडणारा दांडा असेल तर तोही टाकून ठेवावा. मग पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतात, आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवर असल्यामुळे गाडी धरली जाते. पण पुढच्या चाकांना सोडबांध करणारे फ्री-व्हील हब बसवले असतील तर ते आधी हाताने फिरवून जोडलेले हवेत, नाहीतर तीही नुसती समजूतच. मागचा शाफ्ट दुरुस्तीला काढला असेल, तर मागच्या चाकांपुरता हातब्रेक उरलेलाच नाही, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्या जीपचा हातब्रेक कुठला, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. बॅटरी घेऊन, म्हणजे विजेरी घेऊन, सपाट जागी उभ्या केलेल्या गाडीच्या बाजूने वाकून पाहा. ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टच्या तोंडाशी छोटा ड्रम दिसला तर जुनी पद्धत. ब्रेकच्या केबल मागच्या चाकांपर्यंत गेलेल्या दिसल्या तर नवी. दगड दोन्हीला लावायचे आहेतच.

घोडी म्हणजे जॅकने उचललेल्या गाडीखाली ठेवायचा लोखंडी तिवई-स्टँड. दोन घोड्यांची जोडी एका टायरच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त येते. तरीही मी पाहतो, हजारो रुपयांचे दिवे बॉनेटवर लावणारी मुलं विटांवर गाडी ठेवतात. वीट उभ्या भाराने अचानक फुटते, सूचना देत नाही. सिमेंटचा पोकळ ठोकळाही तसाच. काहीच नसेल तर जाडजूड लाकडी ओंडके आडवे-उभे रचावेत; लाकूड तुटण्याआधी कुरकुरतं तरी. काढलेलं चाक आडवं करून चेसिसखाली सरकवून ठेवायची आमच्या ड्रायव्हरांची सवय होती. गाडी पडलीच तर चाकावर पडेल, माणसावर नाही. फुकटचा विमा आहे, त्याला हप्ता नाही. आणि खाली शिरण्यापूर्वी बंपरला धरून गाडी एकदा बऱ्यापैकी हलवून पाहा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

चाक काढतानाची आणखी एक गंमत. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चालत्या चाकाने ते सैल होऊ नयेत म्हणून केलेली ती योजना. ज्याला ठाऊक नाही तो पान्याला चार फुटी पाइप लावून, वर उभा राहून, नट 'सोडवण्याच्या' नावाखाली घट्ट करत राहतो. मग एक तर बोल्ट तुटतो, नाहीतर पाना निसटून तोंडावर येतो. बोल्टच्या टोकावर कोरलेलं अक्षर आधी पाहावं. नट थोडे सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच. युद्धकाळातल्या काही जीपना दोन पाळ्या बोल्टने जोडलेली रिंग असते. तिच्या ट्यूबमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या बोल्टना हात लावायचा नाही. ट्रकच्या चाकाची रिंग उडून पंक्चरवाला दगावल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. हे त्याच जातीचं संकट आहे.

इतका वेळ लोखंडाचं झालं. आता आगीचं. जुन्या विलीजमध्ये आणि सीजे-३बी मध्ये पेट्रोलची टाकी कुठे असते, ठाऊक आहे? ड्रायव्हरच्या सीटखाली. आणि परसात पडून राहिलेल्या जीपचा सगळ्यात आधी सडणारा भाग कोणता? ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. म्हणजे जुनी जीप विकत घेतली की पहिला माणूस जो बोलावला जातो तो वेल्डिंगवाला, आणि तो ठिणग्या उडवतो पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर. "टाकी रिकामी हाय" हे वाक्य ऐकलं की मला जास्त भीती वाटते. भरलेल्या टाकीत पेट्रोल असतं, रिकामीत पेट्रोलची वाफ आणि हवा असते, आणि स्फोटाला हवी असते ती नेमकी तीच मिसळ. टाकी सोडवून, गाडीपासून लांब, उघड्यावर नेऊन ठेवल्याशिवाय वेल्डिंगची वायर जोडू देऊ नका. टाकीलाच भोक पडलं असेल तर ते घरी डाग देऊन बुजवायचं काम नव्हे. टाकी काढताना त्यातलं पेट्रोल नळीने तोंडात ओढून काढायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पेट्रोलचा घोट पोटापेक्षा फुप्फुसाला वाईट. चुकून गिळलंच तर उलटी करवू नये, सरळ दवाखाना गाठावा. पाच-पन्नास रुपयांचा हातपंप मिळतो.

बॅटरीबद्दल दोनच गोष्टी. काम सुरू करण्यापूर्वी अर्थची वायर सोडवा, आणि बसवताना ती सगळ्यात शेवटी बसवा. उलट केलं तर पाना एकीकडे टर्मिनलला आणि दुसरीकडे चेसिसला लागून ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घ्यायला तेवढं पुरतं. दुसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचणार नाही. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. सोन्यातून वीज फार सुरेख वाहते. अंगठी दोन टर्मिनलांच्या मध्ये सापडलेल्या एका माणसाचं बोट मी पाहिलं आहे. साखरपुड्याची खूण त्याच्या हाडापर्यंत उमटली होती. त्याच कारणासाठी ओढणी, मफलर, लोंबती बाही, गळ्यातली साखळी यांनी चालू इंजिनच्या पंख्यापासून दूर राहावं. जीपचा पंखा पट्ट्याने फिरतो, आणि त्याला जाळी असेलच असं नाही.

हँडल मारून जीप चालू करण्याची कला आता जवळपास संपली. पण जुनी जीप आणली की कुणीतरी हौशी माणूस हँडल शोधून काढतोच. मारायचंच असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना हे स्वतः दांडा हलवून पाहा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि झटका खालून वर द्यायचा. इंजिन उलटं उसळलं तर हँडल बोटांतून सुटून जातं. अंगठा गुंडाळलेला असेल तर मनगटासकट जातं. आमच्या पिढीत जीपवाल्यांचं वाकडं मनगट ही ओळखीची खूण होती.

ब्रेक हे प्रकरण मी मुद्दाम सावकाश घेतो, कारण इथे गाडी उभी असताना नव्हे, चालू असताना माणसं मरतात. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा निम्मे ब्रेक राखतो. जुन्या जीपला मार्ग एकच. एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. म्हणून पावसाळ्याआधी आणि दिवाळीत चारही नळ्या वाकवून, चिरा पडल्यात का ते पाहायचं. आणि चीर दिसली की टेप गुंडाळायची नाही, नळी बदलायची. ब्रेकचं तेल भरायचं झाकण जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी, पत्र्याखाली असतं. तिथे सगळ्या तालुक्याचा चिखल साठलेला असतो. आधी फडक्याने आणि ब्रशने ती जागा लख्ख करा, मग झाकण उघडा. आणि त्यात ब्रेकचंच तेल घाला. अडचणीच्या वेळी इंजिन ऑइल घातल्याने आतली रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणा उलगडून नवी बसवावी लागते. त्याच्या आत घाट लागला तर काय होईल ते सांगायला नको. ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या नळीने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात कायमचं बसतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. "दाब", "धर", "सोड" एवढे तीनच शब्द बोलायचे, आणि पेडलवरच्या माणसाने चाकाजवळच्या माणसाचा शब्द ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. माझ्या पत्नीने हे काम कितीतरी वेळा केलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमच्यात जेवढा संवाद झाला त्यातला बराचसा याच तीन शब्दांत झाला. पेडलवर बसणाऱ्याला एक मात्र आधी दाखवून ठेवावं. कित्येक जुन्या जीपना स्टार्टर किल्लीने नव्हे, पायाने दाबायच्या बटणाने चालतो, आणि ते बटण पेडलांच्या शेजारीच असतं. भलत्यावर पाय पडला आणि गाडी गिअरमध्ये असली तर ती उडी घेते. बॅटरीची वायर आधी सोडवायची ती यासाठीही.

डिझेल जीपवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. नोजल नीट फवारतं की नाही हे पाहायला बोट पुढे धरणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो फवारा इतक्या दाबाचा असतो की कातडीतून आत शिरतो. वर टाचणीएवढं छिद्र दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि माणूस हळद लावून घरी जातो. ती साधी जखम नाही. त्याच तासात इस्पितळात जायचं, आणि डिझेल आत गेलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

रेडिएटरचं झाकण घाटात उकळत्या गाडीवर उघडू नये, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि दर मे महिन्यात कोणीतरी उघडतोच. अर्धा तास सावलीत बसा, करवंदं खा. मग जाड फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या. आणि तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, ब्लॉकला तडा जातो.

आता पावसाळ्याचं. ओढ्यातून जीप घालताना फोटो काढायची हल्ली पद्धत आहे. फोटो चांगले येतात. पण लांबून धावत आलेल्या गाडीचा ॲक्सल तापलेला असतो. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. त्या संध्याकाळी काहीच कळत नाही. पंधरा दिवसांनी डिफरन्शिअलचा नट सोडला तर तेलाऐवजी ताकासारखं पांढुरकं काहीतरी निघतं, आणि दातरे घासलेले असतात. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत शे-दोनशे मीटर गाडी चालवून ड्रम कोरडे करायचे. घरी आल्यावर ग्रीस गन घेऊन स्प्रिंगच्या पिना, शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे यांच्या प्रत्येक निपलमध्ये नवं ग्रीस इतकं भरायचं की जुनं, पाणी लागलेलं बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी डिफरन्शिअलचं तेल पाहायचं. पुढची चाकं विशिष्ट वेगाला थयथय नाचू लागली तर टायरला दोष देऊन मोकळे होऊ नका. किंगपिन, टाय रॉडचे एंड आणि स्प्रिंगचे यू-बोल्ट हाताने हलवून पाहा. चार चाकांचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून फिरण्याचीही काहींना हौस असते. जुन्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ढील देणारं काही नसतं. वळणावर ते एकमेकांशी भांडतात आणि भांडणात टायर आणि दातरे झिजतात.

चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढणं हे खेड्यात करमणुकीचं साधन आहे. सगळा गाव जमतो आणि वायररोपच्या दोन्ही बाजूंना उभा राहतो. तुटलेली वायर चाबकासारखी येते, तिला माणूस आणि बाभळ यांत फरक कळत नाही. रोपच्या मध्यावर ओलं पोतं टाका, तुटली तर ते तिचा जोर मारतं. आणि मुलांना रोपच्या लांबीपेक्षा लांब हाकला, शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल.

कामानंतर हात पेट्रोलने धुऊ नयेत. जळकं ऑइल आणि पेट्रोल दोन्ही कातडीला घातक. कपड्यांची पावडर आणि चिमूटभर साखर चोळली की काळं निघतं. ते जळकं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. जन्मभर विहिरी पाहिलेला माणूस हे सांगतो आहे, एवढं माना. डबा भरून गॅरेजवाल्याला द्या, तो भंगारवाल्याला देतो.

शेजारच्या धाकटीला त्या सकाळी मी शाफ्टचा हिशेब कागदावर काढून दाखवला. तिचा विश्वास बसेना. मग आम्ही अंगणातल्या सपाट फरशीवर, तिन्ही चाकांना दगड लावून, घोडीवर मागचं एक चाक उचलून, हातब्रेक पूर्ण ओढून पाहिलं. तिने दोन्ही हातांनी ते चाक फिरवायचा प्रयत्न केला. ते जागचं हललं नाही. "बघा काका, धरलंय की!" मी म्हटलं, "दुसरं चाक जमिनीला टेकलंय म्हणून. आता दुसरीकडूनही उचलू." मागची दोन्ही चाकं घोड्यांवर घेतली. तिने उजवं चाक एका बोटाने ढकललं. डावं उलट्या दिशेने, तितक्याच वेगाने, निवांत फिरू लागलं. मधला शाफ्ट जागच्या जागी होता. ती बराच वेळ एकदा या चाकाकडे, एकदा त्या चाकाकडे पाहत राहिली. मग भावाला हाक मारून म्हणाली, "दादा, सुताराकडे जाऊन ये. बाभळीचे चार ठोकळे करून आण. सहा आण."